तीन आकडे, तीन मालक

रात्री अडीचच्या सुमारास ६६ वर्षांच्या एका गृहस्थांची लघवी पूर्ण तुंबली. संध्याकाळपासून थेंब थेंब होत होती, मग तीही थांबली आणि ओटीपोट दगडासारखं घट्ट झालं. तातडीच्या विभागात नळी घातल्यावर ९०० मिलिलिटर लघवी निघाली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्याकडे आले तेव्हा नळी तशीच होती. पिशवी विजारीच्या बाजूला अडकवलेली, चेहरा ओढलेला. सोबत मुलगा होता. मी त्यांना काका म्हणायचो, इथेही तसंच म्हणतो.

काका काही बोलायच्या आत मुलाने रक्ताचे रिपोर्ट समोर पसरले. तीन आकड्यांभोवती पेनाने गोल केले होते. सीआरपी ३८. न्यूट्रोफिल ८२ टक्के आणि लिम्फोसाइट ११ टक्के, म्हणजे त्यांचं गुणोत्तर जवळजवळ साडेसात. पीएसए ११.६. "डॉक्टर, हे सगळे इम्युनिटीचे मार्कर वाढलेत. बाबांची स्वतःचीच प्रतिकारशक्ती प्रोस्टेटवर उलटलीय का? की कॅन्सर आहे?" रात्रभर जागून त्याने बरंच वाचलं होतं, आणि जे वाचलं ते निराधार नव्हतं. प्रोस्टेट म्हणजे पुरुषांत मूत्राशयाच्या तोंडाशी मूत्रमार्गाला वेढून असलेली ग्रंथी; ती वाढली की लघवीची वाट अरुंद होते. वाढलेल्या प्रोस्टेटचा आणि प्रतिकारशक्तीचा संबंध आहे, आणि तो नुसत्या कल्पनेतला नाही. पण त्याने गोल केलेल्या तिन्ही आकड्यांचा उगम प्रोस्टेटमधल्या त्या सुजेत असेलच असं नव्हतं. हे उलगडायला मला पुढचे सहा आठवडे लागले, आणि त्यात पहिली चूक माझीच झाली.

चूक अशी, की पहिल्या भेटीत मी "कुठली औषधं चालू आहेत?" एवढंच विचारलं. काका म्हणाले, "सांध्यांच्या गोळ्या, नेहमीच्याच." आमवात, म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, त्यांना ११ वर्षांपासून आहे. मेथोट्रेक्झेट आणि रोज ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड. मी ते लिहून घेतलं आणि पुढे गेलो. डोस अलीकडे बदललाय का, हे विचारलं नाही. चौथ्या दिवशी नळी काढायला आले तेव्हा काकूंनी औषधांची पिशवीच टेबलावर रिकामी केली आणि चित्र पालटलं. दोन आठवड्यांपूर्वी मनगटं सुजली होती म्हणून प्रेडनिसोलोन १५ मिलिग्रॅम केलेलं होतं. पिशवीत सर्दीच्या गोळ्यांची अर्धी पट्टीही निघाली. लघवी तुंबली त्याच्या आदल्या दोन दिवसांत काकांनी त्यातल्या पाच गोळ्या घेतल्या होत्या.

आधी सर्दीच्या गोळीचं सांगतो, कारण ही गोष्ट प्रोस्टेटच्या प्रत्येक रुग्णाला माहीत असायला हवी. नाक मोकळं करणारं स्यूडोएफेड्रिन नाकातल्या रक्तवाहिन्या आकसवतं. तेच औषध मूत्राशयाच्या तोंडाशी आणि प्रोस्टेटमध्ये असलेल्या स्नायूंनाही आवळतं. त्याच गोळीतलं जुन्या पिढीचं अँटिहिस्टामिन मूत्राशयाच्या स्नायूचा जोर कमी करतं. दरवाजा घट्ट आणि ढकलणारा हात लुळा, अशी अवस्था होते. ज्यांची धार आधीच बारीक आहे त्यांची लघवी पूर्ण बंद व्हायला एवढं पुरतं.

आता ते तीन आकडे.

न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट या रक्तातल्या पांढऱ्या पेशींच्या गुणोत्तराला आम्ही एनएलआर म्हणतो. निरोगी माणसात ते साधारण १ ते ३ च्या दरम्यान असतं. वाढलेल्या प्रोस्टेटच्या रुग्णांमध्ये ते चढं असतं का, यावर गेल्या काही वर्षांत बऱ्याच ठिकाणांहून लेख आले आहेत, आणि एक साधी रक्ततपासणी पुरते म्हणून या आकड्याचं आकर्षण समजण्यासारखं आहे. पण प्रेडनिसोलोन नेमकं काय करतं ते पाहा. रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून बसलेल्या न्यूट्रोफिल पेशी ते प्रवाहात सोडतं, आणि लिम्फोसाइटना प्रवाहातून बाहेर, ऊतींकडे आणि अस्थिमज्जेकडे वळवतं. वरचा आकडा वाढतो, खालचा घटतो, गुणोत्तर उसळी घेतं. प्रोस्टेटमध्ये काहीही झालेलं नसलं तरी. रात्रभर लघवी तुंबल्याच्या ताणाने शरीर स्वतःचं कॉर्टिसॉल वाढवतं, त्याचाही परिणाम याच दिशेने होतो. तेव्हा साडेसात या आकड्याचा पहिला मालक होता स्टेरॉइडचा वाढीव डोस.

सीआरपी हे प्रथिन यकृतात तयार होतं. शरीरात कुठेही दाह झाला की इंटरल्युकिन ६ हा निरोप यकृतापर्यंत जातो आणि सीआरपी चढतं. दाह मनगटात आहे, हिरडीत आहे की प्रोस्टेटमध्ये, हे यकृताला कळत नाही आणि आकड्यालाही कळत नाही. काकांची मनगटं त्या दिवशीही गरम आणि मऊ सुजलेली होती. लघवीचं कल्चर निर्जंतुक आलं. म्हणजे ३८ या आकड्याचे मालक सांधे.

पीएसए राहिला. हे प्रथिन प्रोस्टेटच्याच पेशी बनवतात, म्हणून त्याचा मालक प्रोस्टेट हे खरं. पण लघवी तुंबली, नळी घातली, ग्रंथी ताणली गेली की पीएसए रक्तात जास्त झिरपतो आणि काही दिवस चढाच राहतो. त्या रात्रीचा पीएसए कॅन्सरबद्दल काहीही सांगायच्या लायकीचा नव्हता. तो मोजायलाच नको होता, असं माझं स्पष्ट मत आहे. एकदा मोजला की तो आकडा घरच्यांच्या डोक्यातून निघत नाही.

टॅमसुलोसिन पहिल्याच दिवशी सुरू केलं होतं. टॅमसुलोसिनसारखं, तिथले स्नायू सैल करणारं अल्फा ब्लॉकर दोनतीन दिवस दिल्यावर नळी काढली तर लघवी आपणहून होण्याची शक्यता वाढते. चौथ्या दिवशी नळी काढली, दुपारपर्यंत काकांना तीनदा लघवी झाली. मग मी मुलाला म्हटलं, "आता हे रिपोर्ट बाजूला ठेव. सहा आठवड्यांनी, सांधे शांत झाल्यावर, नव्याने मोजू."

सहा आठवड्यांनी प्रेडनिसोलोन परत ५ मिलिग्रॅमवर आलं होतं. सीआरपी ६. न्यूट्रोफिल ६८, लिम्फोसाइट २२, गुणोत्तर ३.१. पीएसए ५.४. सोनोग्राफीत प्रोस्टेटची मापं ५.२, ४.९ आणि ४.७ सेंटिमीटर. तिन्ही मापं गुणून ०.५२ ने गुणलं की आकारमान मिळतं, ते ६२ मिलिलिटर भरलं. तरुणपणी ही ग्रंथी साधारण २० ग्रॅमची असते. पीएसएला आकारमानाने भागलं की घनता मिळते, ती ०.०९ आली. ०.१५ च्या वर गेली की आम्ही जास्त सावध होतो. बोटाने तपासताना ग्रंथी मोठी पण सर्वत्र सारखी, रबरासारखी लागली, कुठे गाठ नाही. एमआरआयमध्येही संशयास्पद जागा दिसली नाही, फक्त मधल्या भागात गाठींची दाटी. हा मधला भाग, मूत्रमार्गाला दोन्ही बाजूंनी लगटून असलेला, ज्याला ट्रान्झिशन झोन म्हणतात, तिथूनच ही साधी वाढ सुरू होते हे जॉन मॅकनील यांनी १९७० च्या दशकात दाखवून दिलं. कॅन्सर बहुतेक वेळा बाहेरच्या भागात होतो.

तक्रारींचा हिशेब मात्र गंभीर होता. आयपीएसएस या सात प्रश्नांच्या प्रश्नावलीत ३५ पैकी २२ गुण; २० च्या पुढे तीव्र धरतात. रात्री चारदा उठणं. धार मोजणाऱ्या यंत्रावर सर्वाधिक वेग सेकंदाला ७.४ मिलिलिटर, आणि लघवी झाल्यावरही आत १४० मिलिलिटर शिल्लक. यंत्रावरचा आलेख मी काकांना दाखवला. नीट होणाऱ्या लघवीचा आलेख टेकडीसारखा चढतो आणि उतरतो. काकांचा आलेख म्हणजे लांबच लांब सपाट बांध होता, मधे मधे खचलेला.

मुलाने या वेळी वेगळा प्रश्न विचारला, आणि तो मला फार आवडला. "रक्तातले आकडे खाली आले. मग प्रोस्टेटमध्ये सूज नाहीच असं समजायचं का?"

नाही. तसंही समजता येत नाही. या प्रकरणाचं मर्म याच प्रश्नात आहे.

वाढलेल्या प्रोस्टेटचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तर बहुतेक वेळा त्यात दाहाच्या पेशी दिसतात. ड्युटास्टेराइड या ग्रंथी लहान करणाऱ्या औषधाच्या रिड्यूस नावाच्या मोठ्या चाचणीत ८,००० हून अधिक पुरुषांच्या सुरुवातीच्या बायोप्सी तपासल्या, तेव्हा तीन चतुर्थांशांहून जास्त जणांत जुनाट दाह सापडला. त्यांना ताप नव्हता, जळजळ नव्हती. अशा मुक्या दाहाला प्रोस्टेटायटिसच्या वर्गीकरणात चौथा प्रकार म्हणून जागाच दिलेली आहे. त्याच चाचणीत दाह आणि लघवीच्या तक्रारी यांचं नातं सापडलं खरं, पण ते क्षीण होतं. इतक्या जणांत जे दिसतं त्यावरून एका माणसाबद्दल निष्कर्ष काढणं कठीण असतं.

नातं ठळक दिसलं ते दुसऱ्या प्रश्नाच्या बाबतीत: पुढे कुणाचं बिघडणार? २००३ साली निकाल आलेल्या एमटॉप्स या अमेरिकी चाचणीत ३,०४७ पुरुष सरासरी साडेचार वर्षं निरीक्षणाखाली होते. डोक्साझोसिन हे अल्फा ब्लॉकर आणि ग्रंथी लहान करणारं फिनास्टेराइड दोन्ही एकत्र दिल्यावर आजार पुढे सरकण्याचा धोका ६६ टक्क्यांनी कमी झाला, आणि आजही आम्ही मोठ्या प्रोस्टेटला दोन गोळ्या देतो त्याचा मोठा आधार ही चाचणी आहे. त्यातल्या काही जणांची बायोप्सीही झाली होती. ज्यांच्या तुकड्यात दाह होता त्यांचा आजार जास्त प्रमाणात पुढे सरकला, आणि लघवी पूर्ण तुंबण्याचे प्रकार दाह असलेल्यांमध्येच घडले. मी हे वाचलं तेव्हापासून लघवी तुंबून आलेला प्रत्येक रुग्ण पाहताना ते मनात असतं.

आत घडतं ते असं. ग्रंथीत जमलेल्या पेशींत टी लिम्फोसाइट सर्वांत जास्त, सोबत बी पेशी आणि मॅक्रोफेज. त्या इंटरल्युकिन ८, इंटरल्युकिन १७, टीएनएफ असे निरोप सोडतात. जखम भरताना शरीर जी यंत्रणा वापरतं तीच इथे चालू राहते: पेशींना वाढीचे संदेश मिळतात, आधार देणारी तंतुमय ऊती जाड होते. वाढलेल्या भागाला रक्त अपुरं पडतं, ऊतीला प्राणवायू कमी मिळतो, त्यातून पुन्हा दाहाचे निरोप. हे चक्र सुरू कशाने होतं यावर मतभेद आहेत. कुणी जुना जंतुसंसर्ग म्हणतात, कुणी ग्रंथीच्या नलिकांत उलटी शिरणारी लघवी, कुणी हॉर्मोनचा बदलता तोल, कुणी पोटावरची चरबी. मला वाटतं एकाच माणसात यांतली दोनतीन कारणं एकत्र नांदत असतात.

आणि ही सगळी देवाणघेवाण काही मिलिमीटरच्या परिघात चालते. एवढ्याशा दाहाचा निरोप यकृतापर्यंत पोहोचून सीआरपी हलेलच, असं नाही. मोठ्या गटांची सरासरी काढली तर सीआरपी आणि प्रोस्टेटच्या तक्रारी यांचं थोडंफार नातं दिसतं. पण त्याच गटात जाडेपणा, मधुमेह, धूम्रपान यांनीही सीआरपी वाढलेलं असतं.

मुलाचा पुढचा प्रश्न टीएनएफ रोखणाऱ्या इंजेक्शनचा होता, आणि आमवात असलेल्या माणसाच्या बाबतीत तो अगदी रास्त होता. २०२२ साली नेचर कम्युनिकेशन्समध्ये आलेल्या एका अभ्यासात रुग्णालयीन नोंदींवरून दिसलं की स्वप्रतिकाराचे आजार असलेल्या पुरुषांत प्रोस्टेटवाढीचं निदान जास्त होतं, आणि टीएनएफ रोखणारी औषधं घेणाऱ्यांत ते कमी होतं. उंदरांमध्येही टीएनएफ रोखल्यावर ग्रंथीतली वाढ आणि दाह घटला. मी हा अभ्यास महत्त्वाचा मानतो. तरीही काकांना मी सांगितलं, "सांध्यांसाठी ते इंजेक्शन लागलं तर तुमचे सांध्यांचे डॉक्टर देतील. प्रोस्टेटसाठी मी ते मागणार नाही." नोंदींवरून काढलेलं अनुमान म्हणजे उपचाराची चाचणी नव्हे, आणि या औषधांनी क्षयासारखे दबलेले संसर्ग वर येऊ शकतात. वेदनाशामक दाहरोधक गोळ्यांनी काही छोट्या, थोड्या काळाच्या चाचण्यांत धार सुधारली आहे. पण मेथोट्रेक्झेट घेणाऱ्या ६६ वर्षांच्या माणसाला किडनी आणि हृदयाची जोखीम पत्करून त्या महिनोन्‌महिने द्यायला मी तयार नव्हतो. सॉ पाल्मेटो या वनस्पतीच्या कॅप्सूलबद्दलही विचारणा झाली. २००६ आणि २०११ च्या दोन नीट आखलेल्या चाचण्यांत, दुसऱ्या चाचणीत तर तिप्पट डोसपर्यंत जाऊनही, ती औषध नसलेल्या कोऱ्या गोळीपेक्षा सरस ठरली नाही.

म्हणून टॅमसुलोसिनला ड्युटास्टेराइड जोडलं. सातव्या महिन्यात ग्रंथी ५१ मिलिलिटर, पीएसए २.७, प्रश्नावलीचे गुण १३, धार १०.१. या औषधावर पीएसए निम्मा व्हायलाच हवा. वाचताना तो दुपटीने धरायचा. न उतरणारा किंवा खाली जाऊन पुन्हा चढणारा पीएसए ही खरी धोक्याची खूण असते. काकांचा बरोबर निम्मा झाला होता. ते रात्री एकदाच उठत होते आणि पहिल्यांदाच मला हसताना दिसले.

चौदाव्या महिन्यात लघवी पुन्हा तुंबली.

या वेळी सर्दीची गोळी नव्हती. बद्धकोष्ठ नव्हतं. मनगटं शांत, स्टेरॉइड ५ मिलिग्रॅमवरच. सीआरपी ५, एनएलआर २.९. पहिल्या वेळी रक्त ओरडत होतं आणि कारण बाहेरचं होतं. आता रक्त गप्प होतं आणि ग्रंथी बंद. नळी काढून पाहिली, लघवी झाली नाही. मग दुर्बिणीच्या ऑपरेशनचं ठरलं. सांध्यांच्या आणि भूलीच्या डॉक्टरांशी बोलून स्टेरॉइडचं वेळापत्रक आखलं. ऑपरेशन सरळ पार पडलं, २९ ग्रॅम ऊती निघाली.

एरवी या तुकड्यांवर "साधी वाढ, कॅन्सर नाही" एवढं वाचून मी फाइल मिटतो. या वेळी मी पॅथॉलॉजिस्ट बाईंना मुद्दाम फोन केला आणि दोघांना एकाच वेळी पाहता येणाऱ्या त्यांच्या सूक्ष्मदर्शकावर शेजारी बसलो. गुलाबी-जांभळ्या स्लाइडवर ग्रंथींच्या पोकळ्या दिसत होत्या आणि त्यांच्याभोवती गडद निळ्या ठिपक्यांची गर्दी. लिम्फोसाइट. काही ठिकाणी ते ग्रंथीचं अस्तर ओलांडून आत शिरले होते, आणि तिथे अस्तर विस्कटलेलं होतं. पाहिलेल्या क्षेत्रांपैकी जवळजवळ एक तृतीयांश भागात ही गर्दी होती. रोजच्या कामात लागत नाहीत अशी खास रंगद्रव्यं त्यांनी माझ्या विनंतीवरून वापरली: बहुतेक ठिपके टी पेशींचे निघाले, मधे बी पेशींचे पुंजके, विस्कटलेल्या अस्तरापाशी मॅक्रोफेज. एका पोकळीत झाडाच्या खोडातल्या वर्तुळांसारखी गोल वलयं असलेला खडा होता. अशा खड्यांना कॉर्पोरा अमायलेशिया म्हणतात. ते बरेचसे न्यूट्रोफिलांच्या प्रथिनांचे बनलेले असतात, असं २००९ मध्ये दिसून आलं. बाई म्हणाल्या, "वलयं मोजून वर्षं सांगता येत नाहीत, पण हे काल-परवाचं नाही." तुकड्यांत कॅन्सर कुठेही नव्हता.

म्हणजे मुलाची शंका खरी होती. दाह होता आणि बहुधा कित्येक वर्षं होता. तो त्याने गोल केलेल्या आकड्यांत मात्र नव्हता. आमवातामुळे झाला की त्याच्याशिवायही झाला असता, हे एका माणसाच्या स्लाइडवरून ठरवता येत नाही. स्लाइड दाखवली तेव्हा काका बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "एवढं सगळं आत चाललं होतं आणि मला वाटायचं वय झालं."

ऑपरेशननंतर तीन महिन्यांनी धार १८.१, शिल्लक लघवी २५ मिलिलिटर, प्रश्नावलीचे गुण ५. दोन्ही गोळ्या बंद. वर्षातून एकदा पीएसए आणि धार पाहायची, एवढंच ठरवलं. सीआरपी आणि एनएलआर माझ्या यादीतून मी काढून टाकले. ते सांध्यांच्या डॉक्टरांच्या यादीत राहिले.

पुढच्या वर्षी मुलाचा फोन आला. मनगटं पुन्हा सुजली होती, सीआरपी ४१, एनएलआर ६.८. "स्टेरॉइड गेल्या सोमवारी वाढवलंय," त्याने मी विचारायच्या आधीच सांगितलं. "लघवी चांगली होतेय. तरी बाबांना एकदा धार मोजून घ्यायचीय." त्याच आठवड्यात काका आले, पाणी पिऊन तासभर थांबले आणि यंत्रावर उभे राहिले. बाहेर येऊन त्यांनी स्वतःच कागद उलगडला. सर्वाधिक वेग १७.६. आलेख एका दमात चढला होता आणि एका दमात उतरला होता. सुजलेल्या मनगटाने तो कागद जपून धरत त्यांनी घडी घातली आणि खिशात ठेवला.